दरडीची सावली

"तिला आधी उचल, मग माझ्याशी भांड," आत्या म्हणाल्या. तोवर मी इशूला उचललंही होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे आणि सासऱ्यांना मामा. मामा होडीला टेकून जाळं सोडवत बसले होते. जाळ्यात चिलापी नावालाच, बाकी सगळा सकर मासा. सकर जाळ्यात अडकत नाही, जाळं नेसूनच वर येतो. पाठीवरचा काटा आणि दोन्ही बगलांतले काटे ताठ करून धरतो, मग त्याला सोडवायचा म्हणजे एकेक फास कापायचा. अंगाला खवले नाहीत. हाडांच्या पट्ट्या, घरावर कौलं शाकारावी तशा एकीवर एक. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखं. माझी अकरा महिन्यांची पोर रांगत जाऊन त्या वाटीत बोट घालायला निघाली होती.

"चावत न्हाय गं त्यो," मामा म्हणाले. "दगडावरलं शेवाळ खरवडायचं तोंड ते. पोरीचं बोट घिऊन काय करील?"

"काटा लागला म्हणजे?"

"आमच्या सोपानला काय कमी काटं लागलं? शिंगाड्याचा काटा टाचंत मोडला हुता, तसाच पळत हुता आठवडाभर."

"म्हणून तर तसा झालाय," आत्या म्हणाल्या.

सोपान माझा नवरा. पलीकडे डिझेलचा कॅन उपडा घालून त्यावर बसला होता. तो हसला. मीही हसले असेन. या घरात बोलण्याला बोलण्यानंच उत्तर द्यायचं, गाल फुगवायचे नाहीत, एवढं मला दोन वर्षांत कळलं होतं.

मामांनी शेवटचा फास कापला आणि मासा शेपटीला धरून मागे भिरकावला, कोरड्या गाळावर. तिथे सकाळपासूनचे पडले होते. हा मासा आमच्याकडे कुणी विकत घेत नाही. कुणाच्या तरी काचेच्या पेटीत मावेनासा झाला म्हणून कधीतरी नदीत सोडलेला, आणि आता आमच्या पाण्यात दुसरं काही उरू देत नव्हता. पाण्यात परत टाकायचा नाही, बाहेर उन्हात मरू द्यायचा, असं सगळ्या भोयांनी मिळून ठरवलं होतं.

दुपारी भांडी घासून येताना मी पाहिलं, सकाळी फेकलेला एक मासा त्याच्या जागेवर नव्हता. गाळात काट्यांची रेघ उठली होती, थेट पाण्याच्या दिशेनं. रेघेच्या टोकाला तो थांबला होता.

"मामा, हा जिवंत आहे."

"सकाळपास्नं उन्हात हाय. कसला जित्ता."

"हवा गिळतो तो. पोटानं श्वास घेतो."

"पोटानं?" मामा उठून आले. "मग ढेकर बी देत आसंल." त्यांनी अंगठ्यानं त्याला डिवचलं. माशानं शेपटी अशी हाणली की मामा एक पाऊल मागे सरले. आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"बीएस्सीबाई," मामा म्हणाले, "तुम्ही पास." मग त्यांनी तो मासा उचलला आणि आणखी लांब फेकला.

आता इशू पाचवीत आहे. तिला मामा आठवत नाहीत. आठवायचं कारणही नाही.

उन्हाळा लागला की धरणाचं पाणी उतरतं, आणि पाण्यामागे भोयांची घरंही खाली उतरतात. बोरठाणात आमचं पक्कं घर आहे, पण पाणी मैलभर आत गेल्यावर रोज तिथून ये-जा कुणी करायची. म्हणून ताडपत्री, चूल, घागरी घेऊन सगळे पाण्यापाशी खोप घालतात. उतरत्या पाण्यातून जुन्या नदीचा काठ वर येतो. मातीची उभी दरड, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर पोचतील एवढी. चहूकडे उघडा गाळ. झाड नाही, झुडूप नाही. दुपार कलली की त्या एका दरडीची तेवढी सावली. प्रत्येक घराचा दरडीचा तुकडा ठरलेला आहे, धरण व्हायच्या आधीपासूनचा. ज्याची दरड, समोरचं पाणी त्याचं. दरड सोडली की त्या उन्हाळ्यापुरतं पाणीही दुसऱ्याचं.

दरडीत बाभळीची खुंटी ठोकायची, समोर एक मेढ रोवायची आणि दोन्हींच्या मध्ये लेकराची झोळी बांधायची, ही तिथली रीत. सोपान तिथेच झुलला होता, त्याच्या दोघी बहिणीही. मामा जेवले की झोळीखाली पोतं टाकून आडवे व्हायचे. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. घोरायला लागले तरी पाय हलत राहायचा. माझ्याजवळ इशू दुपारची अर्धा तास झोपायची नाही. तिथे दोन-दोन तास.

मी सगळ्यावर लक्ष ठेवून असायचे. इशू झाल्यापासून मला तो आजारच जडला होता म्हणा. चुलीपासून किती लांब, पाण्यापासून किती लांब, गोधडीत विंचू नाही ना. आत्या म्हणायच्या, "हिचं डोळं झोपंत बी हुघडं असत्याल." म्हणूनच ती भोकं आधी मला दिसली.

रात्रीत पाणी हातभर उतरलं होतं. झोळीच्या थोडं खाली, दरडीच्या पायथ्याशी ओळीनं भोकं उघडी पडली होती. रुंद, चपटी, माझा पंजा आडवा सहज जाईल एवढी. मला वाटलं साप. इशूला कडेवर घेऊन मी सोपानला हाक मारली.

"सापाला एवढं रुंद दार कशाला लागतंय," तो म्हणाला. हाताला पोत्याचा तुकडा गुंडाळून त्यानं एका भोकात हात घातला. कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. जमिनीवर गाल टेकवून तो चाचपत राहिला आणि शेवटी त्यानं ओढून काढला तो सकर, भला मोठा, काळा. पुन्हा हात घातला तेव्हा मुठीत अंडी आली. ज्वारीच्या दाण्यांएवढी, पिवळी, एकमेकांना चिकटलेली.

"मादी हाय," सोपान म्हणाला.

"नर आहे," मी म्हणाले. "मादी अंडी घालून निघून जाते. राखण बाप करतो. अंडी फुटेपर्यंत तो जागा सोडत नाही. पंखानं पाणी हलवत बसतो, अंड्यांना वारा लागावा म्हणून."

"बघा," आत्या मामांना म्हणाल्या. "माश्याचा बाप पंखा हलवतो. तुम्ही निस्ता पाय."

"पायच हलवतो, पर झोपून हलवतो," मामा म्हणाले. "त्याला न्हाय जमायचं."

सगळे हसले. मी मात्र भोकं मोजायला लागले होते आणि मग मोजायचं सोडून दिलं, कारण ती आमच्या तुकड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. पाण्याखाली अजून किती असतील कोण जाणे. मी वळसा घालून दरडीवर चढले. काठापासून दोन पावलं आत मातीत एक बारीक भेग होती, काठाला धरूनच गेलेली. पाय आपटला तर आवाज भरीव येत नव्हता.

खाली येऊन मी सांगितलं. जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं. एकेक भोक खांद्याएवढं खोल आहे, शेजारी शेजारी आहेत, म्हणजे वर माती आणि खाली पोकळी. पाणी होतं तोवर पाण्यानं तोलून धरलं. आता पाणी गेलं. झोळी इथून काढू या. आपली खोपही लांब घेऊ या.

"ही दरड माझ्या आज्ज्यानं बघितलीया," मामा म्हणाले. "दरसाल बुडती, दरसाल वर येती. पूर आलं, धरण आलं, तिला काय झालं न्हाय. आन् आता ह्या शेवाळखाऊनं पडंल?"

"पूर बाहेरून येतो मामा. हे आतून आहे."

शेजारच्या तुकड्यावरचा लहू विडी मागायला आला होता. त्याला गंमत वाटली. "मारुतीआण्णा, सूनबाई म्हणत्यात दरड सोडायची. सोडा की. मी घेतो."

"तुझा बाप बी हेच म्हणत म्हातारा झाला," मामा म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, लहूला ऐकू जाईल अशा आवाजात, "कालिजात माश्याची नाडी बघाया शिकवलं, मातीची न्हाय शिकवली. जा, चुलीकडं बघ."

मला ते लागलं. मी झोळी सोडली. मेढीसाठी आणलेल्या तीन बांबूंची तिवई करून उघड्या गाळात उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि इशूला तिथे झोपवलं. कुणी अडवलं नाही. मामांनी खुंटीकडे एकदा पाहिलं आणि पोतं उचलून होडीच्या आडोशाला गेले.

ते दिवस मला घामाच्या वासासकट आठवतात. गाळावरचं ऊन वरून येतं आणि खालूनही. ताडपत्रीखाली हात धरवत नव्हता. मी ओली लुगडी टांगली, ती बघता बघता वाळायची. इशूच्या मानेवर, काखेत घामोळं उठलं, मग ते चिघळलं. ती रडायची, मग रडणंही बारीक झालं. दूध ओढेनाशी झाली. तिचे ओठ मी सारखे बोटानं ओले करायचे. आणि समोर, ओरडून हाक मारली तर पोचेल एवढ्या अंतरावर, ती थंडगार सावली रोज दुपारी लांब लांब होत जायची.

"दरड पडायच्या आधी पोर जाईल हातची," आत्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, त्या घाबरल्या होत्या. "अगं, तीन लेकरं वाढवली मी तिथं. मला काय लेकरू नगंय का?"

"तेव्हा भोकं नव्हती, आत्या."

"भोकं, भोकं. भित्री कुठली. तुला डोळं मिटलं तरी भोकंच दिसत्यात."

ते खरं होतं. सोपान दोघींच्या मध्ये. एकदा म्हणाला, आईचं ऐक. एकदा म्हणाला, तुला पटतं ते कर. शेवटी म्हणाला, "माहेरी जाऊन ये थोडे दिवस. पाऊस पडला की आणतो." मी लगेच हो म्हणाले. भावाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाट्यावर गाडी घेऊन येणार होता.

मामा त्या सगळ्यात फारसे बोलत नव्हते. दुपारी त्यांची झोप मोडली होती, झोपायला इशू नव्हती. सगळे कलंडले की पहार आणि पत्र्याचा डबा घेऊन ते दरडीकडे जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "गांडुळं बघतो, गळाला." येताना डबा रिकामा असायचा. "न्हाईत घावली," म्हणायचे. मला वाटलं, वेळ जात नाही म्हाताऱ्याचा.

निघायच्या आदल्या दुपारी मी इशूचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होते. मामा येऊन तिवईपाशी उकिडवे बसले.

"ताप हाय?"

"आहे थोडा."

"उद्यापास्नं पोर सावलीत झोपंल."

मी फडकं पिळत होते, ते तसंच हातात राहिलं. "मामा, मी सांगितलं ना. मी तिथे बांधू देणार नाही."

"बघू."

"बघू नाही. मी उद्या सकाळी जातेय. भाऊ येतोय फाट्यावर."

"सोपान म्हणला." ते माझ्याकडे बघत नव्हते, इशूकडे बघत होते. हात पुढे करून त्यांनी तिच्या तळपायावर अंगठा फिरवला. त्यांच्या हातावर चिखल वाळलेला होता, त्याचा भुगा तिच्या पावलावर पडला. इशूनं पाय ओढून घेतला आणि कितीतरी वेळानं थोडी हसली. "आजचा दिस हाय की अजून," मामा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले.

ते गेल्यावर मी तिचं पाऊल पुसलं. मला इतका राग आला होता की दरडीकडे पाठ करून बसले. या माणसाला एवढंही कळत नाही, मी निघून गेले तर गेले, पण हा आपलं खरं केल्याशिवाय राहणार नाही, असं काहीबाही मनात चाललं होतं. पिशवीत इशूची झबली भरली, काढली, परत भरली.

आवाज फार मोठा झाला नाही. धान्याचं पोतं खांद्यावरून खाली टाकावं तसा. आधी वाटलं कुणी होडी उलटी केली. मग धूळ आली.

वळून बघितलं तर दरड तिथे होती, पण मधला घास काढल्यासारखा तुकडा नव्हता आणि त्या जागी आभाळ दिसत होतं. खाली मातीची रास. ढेकळं अजून घरंगळत होती. आत्या पाण्यात उभ्या होत्या, हातातलं पातेलं तसंच.

"ते कुठंयत?" त्यांनी विचारलं.

मी होडीच्या आडोशाला पाहिलं. पोतं होतं. मामा नव्हते.

इशूला कडेवर घेऊनच मी धावले. एका हातानं माती ओढायला लागले, मग आत्यांनी तिला माझ्याकडून ओढून घेतलं आणि लांब गाळावर नुसतीच बसवली, आणि आम्ही दोघी हातांनी उकरत राहिलो. सोपान दुसरी होडी घेऊन पाण्यात होता. त्यानं होडी वल्हवली नाही, उडी टाकून पोहत आला. लहू आणि त्याचे भाऊ फावडी घेऊन आले. थोड्या वेळानं लहूनं फावडं टाकून दिलं, म्हणाला फावडं लागंल आण्णाला, आणि तोही हातांनीच उकरू लागला.

मातीतून मासे निघत होते. जिवंत. पायाखाली वळवळायचे, काटे ताठ करायचे, कुणाच्या तरी तळव्यात घुसायचे. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. हाताला लागला की मागे टाकायचा, पुढची माती ओढायची.

मामा सापडले तेव्हा ऊन कललं होतं. त्यांच्या नाकातोंडात माती होती. सोपाननं ती बोटानं काढली, पुन्हा पुन्हा काढली, ती संपल्यावरही काढत राहिला, तेव्हा लहूनं त्याचा हात धरला.

"झोपल्यालं न्हवतं," लहू म्हणाला. "हुभं हुतं. तोंड दरडीकडं."

त्याचा अर्थ तेव्हा कुणी लावला नाही. बायका जमल्या, त्यांनी लावला तो असा, की नातीची झोळी बांधायला गेले असतील. सूनबाई ऐकंना, म्हणून म्हातारा स्वतः गेला. हे माझ्या कानावर आलं आणि मला तेच खरं वाटलं. उद्यापासून पोर सावलीत झोपेल, असं म्हणून गेले होते ना. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे मला तेव्हा कळलं. गावातल्या घरात भिंतीला टेकून मी बसले होते, इशूला पंख्याखाली गार झोप लागली होती, आणि मी मनातल्या मनात मामांशी भांडत होते. कशाला गेलात? सांगितलं होतं ना? कशाला गेलात?

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परतली. आत्या उठल्या. इशूला त्यांनी थोरल्या नणंदेच्या मांडीवर दिलं आणि मला म्हणाल्या, "चल खाली."

"कुठे?"

"चल."

ऊन होतं, त्यांनी पदरही डोक्यावर घेतला नव्हता. पाणी आणखी आत सरकलं होतं. आमची खोप तशीच उभी, चुलीवर तवा तसाच. ढासळलेल्या जागेला वळसा घालून आत्या दरडीच्या उभ्या राहिलेल्या भागापाशी गेल्या, जिथे खुंटी होती तिथे. खुंटी होती. खाली भोकं नव्हती.

मी खाली वाकले. मला वाटलं माझी जागा चुकली. त्या भोकांची ओळ मला पाठ होती, डोळे मिटले की दिसत होती. आता तिथे सपाट माती होती. हात लावला तर ती दरडीची माती नव्हती. लिंपलेली होती. कडेला फुटक्या कौलाचा तुकडा दिसत होता, एका ठिकाणी जुन्या जाळ्याची चिंधी. आत दगड ठासलेले, वरून चिखल, आणि चिखलावर चार बोटं ओढल्याच्या रेघा. एका भोकाशेजारी दुसरं, दुसऱ्याशेजारी तिसरं. खुंटीखालची तर दोन हात देऊन लिंपलेली.

मी दरडीला धरून चालत गेले. लांबच्या टोकाचा चिखल पांढरा पडला होता, वाळून तडकला होता. तो एका-दोन दिवसांचा नव्हता. ढासळलेल्या जागेकडे यावं तसा रंग गडद होत गेला, आणि अगदी काठाशी, सावलीत, नख अजून रुतत होतं. म्हणजे त्या टोकापासून सुरुवात केली होती आणि इकडे येत होते. वाळलेला चिखल बघून मी दिवस मागे मोजत गेले. मोजत मोजत लहू विडी मागायला आला होता त्या दिवसापर्यंत पोचले. मला चुलीकडे बघ म्हणाले त्या दिवसापर्यंत.

आत्या एका भोकावरच्या रेघांवरून हात फिरवत होत्या. स्वतःची चार बोटं त्यांनी त्या रेघांत ठेवून पाहिली. त्यांची बोटं लहान पडली.

"ह्यांचा हात हाय," त्या म्हणाल्या. "चूल बी आशीच लिंपायचे, बोटं उठवून. किती येळा म्हणलं, सपाट फिरवा." मग म्हणाल्या, "तुला सांगितलं हुतं?"

"नाही. गांडुळं काढतो म्हणायचे. गळासाठी."

"गळ टाकून किती वर्सं झाली त्यांला. बोटं वळत न्हवती गळ बांधाया." त्या खाली बसल्या, दरडीला पाठ न टेकता. "मला बी न्हाय सांगितलं. मी रोज तुला भित्री म्हणत हुते त्यांच्यापुढं. ऐकून घ्यायचे निस्तं."

मी उभीच होते. माझ्या डोळ्यांसमोर पहार होती. दगड ठासायला त्यांनी पहार घेतली होती. आतून पोखरलेल्या भिंतीत, एकेका भोकात, पहारेच्या बुंध्यानं दगड ठोकत ते रोज थोडे थोडे पुढे सरकत होते, आणि प्रत्येक ठोक्यासरशी वरची भेग थोडी रुंद होत असणार.

"रोहिणी."

आत्या मला कधी नावानं हाक मारत नसत.

"तू शिकलीयास. मला खरं सांग. आसं बुजवून दरड ऱ्हाती का?"

माझ्या गुडघ्याशी, त्या गडद, ओल्या चिखलातून मातीचा एक खडा सुटून खाली पडला. मग दुसरा. मला वाटलं वाऱ्यानं. वारा नव्हता. नीट पाहिलं तेव्हा लिंपलेल्या जागेच्या मधोमध, दोन बोटांच्या रेघांमध्ये, माती आतून फुगत होती. आत कुणीतरी होतं. मामांनी दार बुजवलं तेव्हा जो आत राखणीला बसला होता तो, न खातापिता, ओल्या अंधारात पोटानं श्वास घेत, अजून जिवंत होता, आणि पुन्हा उकरत होता.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना ते दिसत नव्हतं. मी खाली बसले, दमल्यासारखी, आणि त्या जागेवर हात टेकवला.

"सांग की," आत्या म्हणाल्या. "आजून एक दिस मिळाला आसता. सगळी बुजली आसती. तर ऱ्हायली आसती का?"

"राहिली असती," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे कोरडे होते, तीन दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी वर खुंटीकडे पाहिलं.

"मग दुसऱ्या दिशी पोर हितंच झोपली आसती. आन् ते खाली, पोत्यावर."

माझ्या तळव्याखाली काटा लागत होता. मी हात आणखी दाबून धरला.

"हो," मी म्हणाले. "मी स्वतः बांधली असती झोळी."

तेव्हा त्या रडल्या.